भाजी कशास म्हणावें ?

तर्कशास्त्राच्या वर्गांत प्रारंभींच व्याख्येचें प्रकरण शिकवावयाचें, असा आमचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. व्याख्येला, म्हणजे आमच्या नैयायिकांच्या भाषेंत लक्षणाला, तीन दोष संभवतात. आणि त्यांचीं उदाहरणें देण्यासाठीं शास्त्रकारांनीं गाईसारखें ओळखीचें जनावर निवडलें आहे. 'कपिल वर्णाची ती गाय' असें लक्षण केलें, तर काळ्या आणि पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ति. 'शिंगें असलेली ती गाय' असें म्हटलें, तर म्हशी आणि बकऱ्या आंत शिरतात, ही अतिव्याप्ति. 'एका खुराची ती गाय' म्हटलें, तर जगांत एकही गाय सांपडावयाची नाहीं, हा असंभव. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं टीकेसह वाचला असेल, त्यांस हीं उदाहरणें परिचयाचीं असतील. विद्यार्थ्यांना तीं लवकर पटतात, आणि पटल्यावर त्यांची अशी समजूत होते कीं, थोडी सावधगिरी बाळगली म्हणजे कोणत्याही शब्दाची निर्दोष व्याख्या करतां येईल. खरें सांगावयाचें तर आमचीही समजूत तशीच होती.

एके वर्षीं हें सारें सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "सर, मग भाजी कशाला म्हणायचं?" वर्गांत हशा पिकला. मुलीच्या मनांत थट्टा नव्हती. परंतु प्रश्न सोपा आहे अशा समजुतीनें आम्हीं खडू हातांत घेतला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हां फळ्यावर चार व्याख्या लिहून खोडलेल्या होत्या, आणि पांचवी आम्हांस सुचत नव्हती.

हा प्रसंग आम्ही कदाचित् विसरूनही गेलों असतों. परंतु पुढें वाचनाच्या ओघांत आमच्या असें ध्यानांत आलें कीं, हाच प्रश्न निरनिराळ्या देशांतील न्यायमूर्तींपुढें रीतसर मांडला गेला होता. त्यासाठीं भर न्यायालयांत शब्दकोश उघडून वाचले गेले होते. आणि उत्तरावर व्यापाऱ्यांच्या कष्टाचे पैसे अवलंबून होते. त्यांतला एक खटला तर आपल्या अकोल्याचा आहे. एका घरगुती शब्दाच्या अर्थाचा हा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम आमच्या त्या चार व्याख्यांची कथा सांगतों. 'मनुष्य जी वनस्पति खातो ती भाजी' ही पहिली. पण मग तांदूळ, गहूं, आंबा आणि ऊस यांनींही भाजीच्या रांगेंत येऊन बसावें लागेल. ही उघड अतिव्याप्ति झाली. म्हणून दुसरी केली: 'वनस्पतीचें खाण्याजोगें पान, देंठ किंवा कंद ती भाजी.' तत्काळ वांगें, भेंडी, पडवळ आणि दुध्या भोपळा बाहेर पडले. आणि वांग्याला भाजींतून हांकलून देणारी व्याख्या महाराष्ट्रांत तरी कोण मान्य करील? तिसऱ्या वेळीं आम्हीं वनस्पति सोडून चुलीकडे वळलों: 'जी शिजवून भाताशीं किंवा भाकरीशीं तोंडीं लावतात ती भाजी.' तों पिठलें, आमटी आणि उसळ या आंत आल्या, आणि मंडईंतून आणलेला पण कच्चाच खाल्ला जाणारा मुळा व काकडी बाहेर राहिलीं. शेवटीं फळांपासून भाजी वेगळी काढण्यासाठीं 'जी चवीला गोड नसते ती' अशी चौथी व्याख्या केली. तेव्हां वर्गांतील मुलांनींच रताळें, गाजर आणि लाल भोपळा यांची नांवें घेऊन ती खोडून टाकली.

याहून मोठी अडचण पुढेंच आहे. कोंकणांत फाल्गुनाच्या सुमारास फणसाचें कोंवळें फळ काढतात, त्यास कुयरी म्हणतात. कुयरीची भाजी होते, आणि ती भाजी आहे याविषयीं कोणास शंका नसते. त्याच झाडावरचें तेंच फळ वैशाख-ज्येष्ठापर्यंत राहूं दिलें म्हणजे त्याचे गरे होतात. मग त्यास भाजी म्हणणारा मनुष्य वेडा ठरेल. केळ्याची आणि पपईची गोष्टही अशीच आहे. म्हणजे भाजीपण हें त्या वस्तूच्या अंगीं गाईच्या सास्नेसारखें कायमचें चिकटलेलें नसतें. तें काळावर, पिकण्यावर आणि मनुष्याच्या हेतूवर अवलंबून असतें. शिवाय मराठींत भाजी हा शब्द मंडईंतील कच्च्या वस्तूलाही लागतो आणि कढईंतील शिजलेल्या पदार्थालाही लागतो. "भाजी आणली का?" आणि "भाजी झाली का?" या दोन प्रश्नांत शब्द एकच आहे, वस्तु दोन आहेत, आणि तरी आजवर कोणत्याही घरांत त्यावरून गैरसमज झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आमच्या वैद्यकाच्या ग्रंथकारांनीं ही अडचण व्याख्या न करतांच टाळली, असें दिसतें. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: पान, फूल, फळ, नाळ, कंद आणि भूमींतून आपोआप उगवणारीं अळिंबीं. येथें फळ हें शाकाच्या विरुद्ध उभें केलेलें नाहीं. तें शाकाचाच एक प्रकार मानलें आहे. आमच्या नित्याच्या मराठींतही फळभाजी हा शब्द त्याच वृत्तीचा आहे. पालेभाजी एक, फळभाजी दुसरी. फळ असून भाजी असण्यांत आम्हांस कांहींच विसंगति वाटत नाहीं. इंग्रजी भाषेस मात्र हा एक शब्द न लाभल्यामुळें केवढा वाद झाला, तें आतां पाहूं.

इ. स. १८८३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेनें आयात-जकातीचा एक कायदा केला. त्या कायद्याप्रमाणें परदेशांतून येणाऱ्या भाज्यांवर शेंकडा दहा जकात होती, आणि ताज्या फळांना ती माफ होती. इ. स. १८८६ च्या वसंत ऋतूंत निक्स नांवाच्या व्यापाऱ्यांनीं वेस्ट इंडीज बेटांतून न्यूयॉर्क बंदरांत टोमॅटो आणले. बंदराचा जकात-अधिकारी हेडन यानें टोमॅटो ही भाजी आहे असें ठरवून जकात घेतली. व्यापाऱ्यांनीं निषेध नोंदवून पैसे भरले, आणि १८८७ सालीं ते परत मिळावे म्हणून फिर्याद लावली. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यांत बीज असतें आणि जें फुलापासून तयार होतें तें फळ; टोमॅटो तसा आहे; म्हणून टोमॅटो हें फळ आहे. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकानें या युक्तिवादास पूर्ण गुण दिले असते.

या खटल्यांतील साक्षीपुराव्याचा भाग आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो. फिर्यादीच्या वकिलांनीं नामांकित इंग्रजी कोश उघडून त्यांतून 'फळ', 'भाजी' आणि 'टोमॅटो' या शब्दांचे अर्थ वाचून दाखविले. मग फळभाज्यांच्या व्यापारांत सुमारें तीस वर्षें घालविलेले दोन साक्षीदार बोलावण्यांत आले. त्यांस विचारलें कीं, या शब्दांना व्यापारांत कोशांतल्याहून कांहीं निराळा अर्थ आहे काय? त्यांनीं सांगितलें, नाहीं. तेव्हां प्रतिपक्षाचा वकील उठला, आणि त्यानेंही कोश हातांत घेऊन वाटाणा, वांगें, काकडी, भोपळा आणि मिरची यांचे अर्थ वाचले. भाव असा कीं, हीं सारींही शास्त्रतः फळेंच आहेत, मग हींही जकातींतून सोडावयाचीं काय? त्यावर फिर्यादीनें पुन्हां बटाटा, सलगम, फुलकोबी, कोबी, गाजर आणि घेवडा यांचे अर्थ वाचले. अशा रीतीनें दोन्ही बाजूंनीं सारी मंडई कोशांतून न्यायालयांत ओतली, आणि निकाल जेथल्या तेथेंच राहिला. कोश हा वाद मिटविण्याचें साधन आहे अशी ज्यांची श्रद्धा असेल, त्यांनीं या प्रसंगाचें अवश्य मनन करावें.

१० मे १८९३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला. तो न्यायमूर्ति ग्रे यांनीं लिहिला आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें टोमॅटो हें वेलीचें फळ आहे, हें न्यायालयानें मोकळेपणानें मान्य केलें. काकडी, भोपळे आणि शेंगाही तशाच आहेत, असेंही म्हटलें. परंतु सामान्य लोकांच्या बोलण्यांत या सर्व परसांत पिकणाऱ्या भाज्या आहेत. त्या जेवणांत सूप, मासे किंवा मांस यांच्या जोडीनें वाढल्या जातात, फळांप्रमाणें शेवटच्या गोड पदार्थांत वाढल्या जात नाहींत. म्हणून कायद्यापुरता टोमॅटो ही भाजीच होय. कोशांविषयीं न्यायालयाचें मत असें पडलें कीं, कोश हा कांहीं पुरावा नव्हे. न्यायाधीशाच्या स्मरणाला आणि समजुतीला मदत करणारें तें एक साधन आहे. निक्स यांचे पैसे गेले.

या निकालावर आमची एक लहानशी टीका आहे. न्यायालयानें लोकांचा अर्थ प्रमाण मानला हें योग्यच झालें; पण कोणत्या लोकांचा? सूप, मासे, मांस आणि मग गोड पदार्थ, हा क्रम खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतील टेबलाचा आहे. आमच्या ताटांत पदार्थ एकामागून एक येत नाहींत. ते सारे एकदमच वाढले जातात, आणि त्यांचें स्थान डावें-उजवें यावरून ठरतें. भाजी उजवीकडे येते, चटणी-कोशिंबीर डावीकडे. न्यूयॉर्कची कसोटी येथें लावूं गेल्यास कोशिंबिरींतला टोमॅटो एका बाजूला आणि रस्स्यांतला दुसऱ्या बाजूला जाईल! टोमॅटोला युरोपांत जीं नांवें पडलीं तींही पाहण्यासारखीं आहेत. इटालियन भाषेंत तो सोन्याचें सफरचंद झाला, आणि फ्रेंच व इंग्रजी भाषांत प्रेमाचें सफरचंद झाला. म्हणजे नांव देणाऱ्यांनीं त्यास फळांत बसविलें. आमच्याकडे जुन्या मंडळींनीं त्यास वेलवांगें म्हटलें, म्हणजे भाजींत बसविलें. आणि गंमत अशी कीं, वांगें आणि टोमॅटो हीं एकाच कुळांतलीं आहेत, हें आज शास्त्रही सांगतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९४७ सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीं विक्रीकराचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत करमाफी असलेल्या वस्तूंची यादी होती. यादींत भाज्यांचें एक कलम होतें, आणि विड्याच्या पानांचें त्याहून निराळें असें दुसरें कलम होतें. १९४८ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि पानांचें कलम गाळण्यांत आलें. त्याबरोबर पानांच्या विक्रीवर कर बसला.

पानाचा व्यापार ज्यांनीं जवळून पाहिला आहे, त्यांस या कराचें ओझें सांगावयास नको. न फिरविल्यामुळें पान सडतें, हें आमच्याकडे पोरासोरांच्या कोड्यांतही सांगितलेलें असतें. रोज ढीग उलथावयाचे, नासकें पान वेंचून टाकावयाचें, आणि उरलेल्यांत नफा शोधावयाचा, असा तो धंदा. तेव्हां पानव्यापाऱ्यांनीं न्यायालयाची वाट धरली यांत नवल नाहीं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. पानांचें स्वतंत्र कलम गेलें तर जाऊं द्या. भाज्यांचें कलम तर शिल्लक आहे ना? पान ही वनस्पति आहे, मनुष्य तें खातो, म्हणून तें भाज्यांत मोडतें, आणि भाज्यांना करमाफी आहे. नागपूरच्या संत्रा मार्केटांतील पानव्यापाऱ्यांच्या संघानें हा प्रश्न आधीं उच्च न्यायालयापुढें नेला. तेथें असें ठरलें कीं, या शब्दास निसर्गविज्ञानांतील व्यापक अर्थ देतां येणार नाहीं. परसांत पिकतें आणि जेवणाच्या ताटासाठीं वापरतात तें, असा लोकांत रूढ असलेला अर्थच घ्यावयास हवा. पुढें अकोल्याच्या पानव्यापाऱ्यांनीं दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली.

या मधल्या काळांत राज्यांच्या सीमा बदलल्या. १९५६ सालीं अकोला मुंबई राज्यांत आलें, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलें; आणि १९६१ च्या मार्चमध्यें निकाल लागला तेव्हां ज्या प्रांतानें कायदा केला होता तो प्रांतच नकाशावर उरला नव्हता. निकाल व्यापाऱ्यांच्या विरुद्ध गेला. न्यायालयानें दोन कारणें दिलीं. पहिलें कारण कायद्याच्या रचनेचें: भाज्या आणि पानें अशीं दोन निराळीं कलमें ज्या अर्थीं विधिमंडळानें केलीं, त्या अर्थीं पान भाजींत येत नाहीं असेंच त्यास अभिप्रेत होतें. दुसरें कारण भाषेचें: नित्याच्या व्यवहारांतील शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञाला विचारून ठरवावयाचा नसतो, ज्या लोकांना त्या वस्तूशीं रोज काम पडतें, ते त्या शब्दानें काय समजतात हें पाहावयाचें असतें. या संदर्भांत १९५१ सालच्या कॅनडांतील एका निकालाचा आधार घेण्यांत आला होता. तेथें खारे शेंगदाणे हें फळ कीं भाजी असा वाद होता, आणि न्यायाधीशांनीं साधाच प्रश्न केला होता: रात्रीच्या जेवणासाठीं फळें किंवा भाजी घेऊन ये असें सांगितलें, तर कोणता गृहस्थ खारे शेंगदाणे घेऊन घरीं येईल?

निकाल योग्यच होता, असें आम्हांस वाटतें. अकोल्याच्या बाजारांत कोणीही बाई भाजी आणावयास जाऊन विड्याचीं पानें घेऊन परतणार नाहीं. पण मग मनांत एक प्रश्न उभा राहतो. जी गोष्ट भाजीवालीस, पानवाल्यास आणि गिऱ्हाइकास सारखीच ठाऊक होती, तिच्यासाठीं दिल्लीपर्यंत जाण्याचें कारण काय? आमच्या मतें याचें उत्तर असें आहे कीं, कायद्यांत 'भाजी' हा शब्द नव्हताच. तेथें इंग्रजी 'व्हेजिटेबल' हा शब्द होता, आणि त्या शब्दाचीं दोन घरें आहेत. त्याचा मूळचा अर्थ जें वाढतें, ज्यांत जीव आहे तें. म्हणजे सारी वनस्पतिसृष्टि त्याच्या पोटांत येत असे. स्वयंपाकघरांतला अर्थ त्यास मागाहून आला, आणि जुना अर्थही अगदीं मेला नाहीं. व्यापाऱ्यांच्या वकिलांस जी फट सांपडली ती या दोन घरांच्या मधली होती. मराठी भाजी या शब्दाचें नातें भाजण्याशीं, म्हणजे चुलीशीं जोडलें जातें. ज्या पानाचा चुलीशीं कधीं संबंध येत नाहीं, त्यास भाजी म्हणण्याचा मोह मराठींत वादासाठींही झाला नसता. परक्या भाषेंतून राज्यकारभार करणाऱ्यांस शब्दाचा खर्च असाही सोसावा लागतो.

बंगालच्या विधिमंडळानें याबाबतींत अधिक शहाणपण दाखविलें होतें. तेथील १९४१ सालच्या विक्रीकराच्या कायद्यांत करमाफी देतांना, ज्यांस सामान्यतः सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणतात त्या भाज्या, अशा अर्थाची शब्दयोजना होती. म्हणजे इंग्रजी शब्दाची व्याख्या करण्याचा खटाटोप सोडून त्यांनीं लोकांच्या तोंडचे तीन शब्दच साक्षीस उभे केले. एवढें करूनही वाद टळला नाहींच. ओलें आलें हें भाजींत येतें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. सरकारचें म्हणणें, आल्याची कोणी भाजी करीत नाहीं. तें केवळ स्वादासाठीं घालतात. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें व्यापाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. आलें परसांत किंवा शेतांत पिकतें, भाजीवाल्याच्याच दुकानांत इतर भाज्यांबरोबर विकलें जातें, आणि जेवणांतल्या पदार्थांतच पडतें. मुख्य पदार्थ होण्याइतकेंच त्यास स्वाद देणेंही भाजीच्या कामांत मोडतें, असा त्याचा आशय होता. ज्या घरांत 'भाजी आणा' या दोन शब्दांत कोथिंबीर, मिरची, आलें आणि लिंबू हीं न सांगतां समाविष्ट असतात, त्या घरांतील मंडळींस हा निकाल ऐकून बरें वाटेल. याच्या अलीकडे, १९६२ सालीं, बिहारांतील एका प्रकरणांत ऊस ही हिरवी भाजी नव्हे, असें त्याच न्यायालयानें ठरविलें होतें.

या निकालांकडे एकत्र पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येते. कोठें परसाची कसोटी लावली, कोठें ताटाची, कोठें भाजीवालीच्या टोपलीची. ऊस शेतांत पिकतो, पण ताटांत येत नाहीं. आलें ताटांत स्वतंत्र दिसत नाहीं, पण टोपलींत असतें. पान बाजारांत असतें, पण त्याची टोपली निराळी. यांतली कोणतीही एक कसोटी सर्वत्र लावली असती, तर कोठें तरी अव्याप्ति किंवा अतिव्याप्ति झालीच असती. आणि प्रयोजन बदललें कीं, निकालही बदलतो. युरोपांतील राष्ट्रांच्या संघानें २००१ सालीं मुरंब्याविषयीं जे नियम केले, त्यांत मुरंब्यापुरते टोमॅटो, गाजर, रताळें आणि काकडी हीं फळें समजावीं असें स्पष्ट लिहिलें आहे. न्यूयॉर्कला जो टोमॅटो भाजी ठरला, तोच बरणींत शिरतांना फळ झाला! आमच्याकडे १ जुलै २०१७ पासून विक्रीकराच्या जागीं वस्तु व सेवा कर आला. त्याची मांडणी ज्या जकातविषयक वर्गीकरणावर आधारलेली आहे, त्यांत टोमॅटो भाज्यांच्या प्रकरणांत आहे, आणि आलें मसाल्यांच्या प्रकरणांत. १९७७ सालीं भाजी ठरलेलें आलें असें पुन्हां मसाल्यांच्या डब्यांत गेलें.

येथें कोणी विचारील कीं, हा शब्दांचा दोष नव्हे काय? शब्द असे ढिले असतात, म्हणूनच विद्वानांनीं ते एकदांचे आवळून बांधावयास नकोत काय? ही आकांक्षा जुनी आहे. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन यानें १७४७ सालीं आपल्या कोशाची योजना प्रसिद्ध केली, तेव्हां भाषेला स्थिर रूप देण्याची त्यास उमेद होती. १७५५ सालीं कोश पुरा झाला, तेव्हां त्याच कोशाच्या प्रस्तावनेंत त्यानें कबूल केलें कीं, ही अपेक्षा बुद्धीला किंवा अनुभवाला धरून नव्हती. आठ वर्षें शब्दांच्या सहवासांत काढल्यावर त्याचा अभिमान उतरला होता. आमच्या मराठींतही मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला, आणि १८५७ सालीं दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां तो फार वाढलेला होता. पुढें दाते-कर्वे मंडळींनीं १९३२ ते १९३८ या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. हे कोश चाळून पाहणाऱ्यास दिसेल कीं, थोर कोशकार व्याख्येच्या भरीस फारसे पडत नाहींत. ते एकाखालीं एक अर्थ मांडतात, प्रांतभेद सांगतात, वापराचीं उदाहरणें देतात, आणि बाजूस होतात. विट्‌गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाचा जो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत त्यानें 'खेळ' हा साधा शब्द घेऊन हेंच दाखविलें. सर्व खेळांत समान असा एकही गुण सांपडत नाहीं. एकाच कुटुंबांतल्या माणसांत कोणाचें नाक कोणाशीं, कोणाची चाल कोणाशीं जुळावी, तसें त्यांचें साम्य असतें. भाज्यांचें कुटुंबही असेंच आहे.

परंतु शब्द सैल असतात, म्हणून व्याख्या करूंच नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कर घ्यावयाचा तर कोठें तरी रेषा ओढलीच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ती रेषा आपण आपल्या कामासाठीं ओढली आहे, शब्दाच्या पोटांत ती मुळांत नव्हती, याचें भान राहावें. हें भान सुटलें म्हणजे अनर्थ होतो, आणि तो नेहमींच भाजीइतका किरकोळ नसतो. 'साक्षर' हा शब्द घ्या. आपल्या जनगणनेंत कोणतीही एक भाषा समजून लिहितां-वाचतां येणारा सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा मनुष्य साक्षर धरतात; सात वर्षांची ही मर्यादा १९९१ च्या गणनेपासून आली. मोजणीसाठीं ही व्याख्या ठीक आहे. पण गणनेच्या तक्त्यांत जी बाई साक्षर ठरली, तिला कर्जाचा कागद वाचून त्यांतली मेख कळेल, असें कोणी धरून चालला तर फसगत त्या बाईची होईल. 'शेतकरी' कोण? ज्याचें नांव सातबाऱ्यावर आहे तो, कीं जो दुसऱ्याच्या रानांत जन्मभर राबला तो? 'गरीब' कोण? अशा शब्दांच्या कांठावर माणसें उभीं असतात. व्याख्या वीतभर इकडे सरकली तर त्यांस मदत मिळते, तिकडे सरकली तर मिळत नाहीं. आणि कचेरींत बसून व्याख्या करणाऱ्यास तीं माणसें दिसत नाहींत. अकोल्याच्या पानव्यापाऱ्यांस निदान दिल्लीपर्यंत जाण्याइतकें बळ होतें. सर्वांस तें नसतें.

याबाबतींत आमचे नैयायिकच पुन्हां उपयोगी पडतात. लक्षणाचे दोष आम्ही मन लावून शिकवितों. पण लक्षणाचें प्रयोजन काय, याविषयीं त्यांनीं जें सांगितलें त्याकडे मात्र आमचें दुर्लक्ष होतें. एक वस्तु दुसरीपासून वेगळी ओळखतां यावी आणि व्यवहार चालावा, एवढेंच त्याचें प्रयोजन त्यांनीं मानलें आहे. म्हणजे व्यवहारासाठीं व्याख्या आहे; व्याख्येसाठीं व्यवहार नाहीं. जो व्यवहार व्याख्येवांचून सुरळीत चालला आहे, त्याच्या वाटेस आपण जाऊं नये. आणि जेथें व्याख्या करणें भागच आहे, तेथें ती करण्यापूर्वीं त्या शब्दावर ज्यांचें पोट चालतें त्यांस एकदां विचारून घ्यावें.

अलीकडे आम्ही व्याख्येचें प्रकरण गाईपासून सुरू करीत नाहीं. प्रथम भाजीचा प्रश्न घालतों, मुलांकडून फळ्यावर चार-पांच व्याख्या लिहवून घेतों, त्या त्यांच्याकडूनच खोडवितों, आणि मग निक्सच्या टोमॅटोची आणि अकोल्याच्या पानांची हकीकत सांगतों. तीन दोष त्यानंतर येतात. ज्या विद्यार्थिनीनें आम्हांस ही वाट दाखविली, तिचें उत्तर मात्र आमच्याकडे अजून बाकीच आहे.